रिपोर्टवर '+मार' आलंय: जादा गुणसूत्राचा माग कसा काढायचा

कॅरिओटाइप म्हणजे पेशीतली गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली मोजून, ओळखून बघणारी तपासणी. तिच्या रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते. बहुतेकांच्या हातात ती '४६,एक्सएक्स' किंवा '४६,एक्सवाय' अशी येते आणि फाइल बंद होते. कधीतरी तिथे '४७,एक्सवाय,+मार' असं लिहून येतं. सत्तेचाळीस आकडा दिसला की सगळ्यांना डाऊन सिंड्रोम आठवतो आणि घर हादरतं. म्हणून पहिल्यांदा हे नीट समजून घ्या: 'मार' म्हणजे मार्कर. प्रयोगशाळेचं म्हणणं एवढंच असतं की नेहमीची सेहेचाळीस गुणसूत्रं जागेवर आहेत, त्यांच्याजोडीला एक छोटं सत्तेचाळिसावं दिसतंय, पण ते कुठल्या गुणसूत्राचा तुकडा आहे हे रंगपट्ट्यांवरून ओळखता आलं नाही.

हे निदान नव्हे. तपास अर्ध्यावर आल्याची ती नोंद आहे. मार्कर असलेल्या दहा माणसांपैकी साधारण सात जणांना त्याचा काहीच त्रास नसतो. उरलेल्या तिघांना असतो, आणि कुणाकुणाला तो फार मोठा असतो. आपण कुठल्या बाजूला आहोत हे चार गोष्टींवर ठरतं: तुकडा कुठून आला, त्यात चालू जनुकं किती, तो किती पेशींत आहे आणि कुणाकडून आला. पाचवी गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती पुढे येईल.

ओळ वाचायची कशी

'मॉस ४७,एक्सएक्स,+मार[१२]/४६,एक्सएक्स[१८]' अशी ओळ असेल तर तपासलेल्या तीस पेशींपैकी बारांत मार्कर आहे, अठरांत नाही. 'मॉस' म्हणजे मोझेक, पेशींची सरमिसळ. जवळपास निम्मे मार्कर असेच सरमिसळीत सापडतात, कारण पेशी दुभंगताना हा लहानगा तुकडा मागे राहून हरवतो. 'मॅट' असेल तर तो आईकडून आलेला, 'पॅट' असेल तर वडिलांकडून, 'डीएन' असेल तर आईवडील दोघांतही नाही, बाळातच नव्याने तयार झालेला. शेवटी यातलं काहीच नसेल तर आईवडिलांची तपासणी अजून झालेलीच नाही, असं समजा.

सूक्ष्मदर्शकाखाली दृश्य असं असतं: शंभरपटीचं तेलातलं भिंग, जिएम्सा या रंगाने जांभळे-करडे रंगलेले पट्टेदार दांडे, आणि त्यांच्यात एक ठिपका, कधी इवलीशी डंबेलसारखी आकृती, कधी कडी. व्याख्येप्रमाणे छोटा मार्कर त्याच पेशीतल्या विसाव्या गुणसूत्राएवढा किंवा त्याहून लहान असतो. एवढ्याशा जागेत एखाद-दुसराच पट्टा मावतो, आणि गुणसूत्राच्या कमरेजवळचा भाग म्हणजे सेंट्रोमिअरचा परिसर सगळ्यांचा सारखाच दिसतो. तंत्रज्ञ कितीही कसलेला असला तरी नुसतं बघून त्याला नाव देता येत नाही. 'प्रयोगशाळेला ओळखता आलं नाही' यावर चिडू नका. ओळखता येत नाही म्हणूनच त्याला मार्कर म्हणतात.

नमुना बिघडला तर पुढचं सगळं बिघडतं

कॅरिओटाइपला जिवंत पेशी लागतात. रक्त हिरव्या टोपणाच्या, सोडियम हेपॅरिनच्या नळीत घ्या. मोठ्या माणसाचं ३ ते ५ मिली, तान्ह्या बाळाचं १ ते २ मिली पुरतं. जांभळ्या टोपणाची ईडीटीएची नळी डीएनए काढण्यासाठी असते. त्यातल्या पेशी कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत पोषक द्रवात, नीट वाढत नाहीत. दोन्ही नळ्या एकाच वेळी भरून घेतल्या तर बाळाला पुन्हा टोचावं लागत नाही. नळी हलकेच आठ-दहा वेळा उलटसुलट करा, बर्फावर ठेवू नका, साध्या तापमानात शक्यतो २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा. उन्हाळ्यात कुरिअरची गाडी उभी राहते आणि पेशी भाजून निघतात. 'कल्चर फेल' या शेऱ्यामागे हे कारण नेहमीचं.

पुढे रक्त पोषक द्रवात, लसिकापेशींना (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) दुभंगायला लावणारं फायटोहिमॅग्लुटिनिन घालून, ३७ अंश सेल्सिअसला ७२ तास वाढवतात. कोल्सेमिड घालून विभाजन मध्यावर रोखतात. मग ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडने पेशी फुगवतात आणि तीन भाग मिथेनॉल, एक भाग ॲसेटिक ॲसिड अशा मिश्रणात पक्क्या करतात. फुगवण्याची ही पायरी नाजूक आहे. कमी वेळ दिला तर गुणसूत्रं एकमेकांवर चढतात आणि ठिपक्याएवढा मार्कर एखाद्या मोठ्या दांड्याखाली झाकला जातो. जास्त दिला तर पेशी फुटते आणि शेजारच्या पेशीतला तुकडा हिच्यात येऊन पडतो. रंगाचा कणही मार्करसारखा दिसू शकतो. एकाच पेशीत दिसलेल्या ठिपक्याला मार्कर म्हणत नाहीत ते यामुळेच. तो दोन किंवा अधिक पेशींत, तसाच, दिसायला हवा.

हे तंत्र बसेपर्यंत माणसाच्या गुणसूत्रांची संख्यासुद्धा चुकीची शिकवली जात होती. १९५६ पर्यंत पुस्तकांत ४८ असे. त्या वर्षी जो हिन तिजो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी स्वीडनमधल्या लुंड इथे स्वच्छ पसरलेल्या पेशी मोजून ४६ हा आकडा छापला. छोटे जादा तुकडे १९६१ पासून नोंदले जाऊ लागले.

किती पेशी मोजल्या?

रिपोर्ट हाती आला की हे विचारा. नेहमी २० पेशी मोजतात. वीसही साध्या निघाल्या तर १४ टक्के किंवा त्याहून जास्त सरमिसळ नाही, एवढंच ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. १० टक्के किंवा त्याहून जास्त सरमिसळ वगळायला २९ पेशी लागतात, ५ टक्के किंवा त्याहून जास्त वगळायला ५९. लक्षणं ठळक असतील किंवा आईवडिलांत पुसट मार्कर शोधायचा असेल, तर ५० ते १०० पेशी मोजायची विनंती डॉक्टरांकडून लेखी जाऊ द्या.

टक्केवारीवरून बाळाचं भविष्य मात्र काढू नका. रक्तातल्या ४० टक्क्यांवरून मेंदूतल्या पेशींबद्दल काही कळत नाही.

आधी आईवडील

महागड्या चाचण्यांच्या आधी, किंवा निदान त्यांच्याबरोबरच, आईवडील दोघांचा कॅरिओटाइप करून घ्या. ही साधी तपासणी सगळ्यात जास्त उत्तरं देते. साधारण ३० टक्के मार्कर आईवडिलांपैकी एकाकडून आलेले असतात, आणि त्यांतही आईकडून येणारे जास्त. धडधाकट आईत तोच, तेवढाच मार्कर सगळ्या पेशींत सापडला तर काळजीचं मोठं ओझं उतरतं. आईत तो फक्त काही पेशींत आणि बाळात सगळ्या पेशींत असेल, तर तेवढा दिलासा घेता येत नाही. मग मार्करमधली जनुकं तपासावीच लागतात.

आईवडिलांच्या तपासणीतून आणखी एक गोष्ट उघड होते. ११ आणि २२ या गुणसूत्रांच्या टोकांची अदलाबदल झालेला माणूस स्वतः ठणठणीत असतो, कारण जनुकं जागा बदलतात, कमी-जास्त होत नाहीत. पण बीजपेशी बनताना चार गुणसूत्रांची वाटणी दोन-दोनऐवजी तीन-एक झाली, तर बाळाला २२ चं सांधलेलं गुणसूत्र जादा मिळतं. त्याला इमॅन्युएल सिंड्रोम म्हणतात. रिपोर्टवर आधी नुसतं 'मार' येऊ शकतं, खरं नाव आईवडिलांच्या रिपोर्टमधून कळतं. पुढच्या गरोदरपणातला धोका, आणि मावशी-मामांनी तपासून घ्यायचं की नाही, हे सगळं त्यावर अवलंबून असतं. वारंवार गर्भपात झालेल्या जोडप्यांतही ही अदलाबदल सापडते.

फिश: ओळख पटवणं

फिश म्हणजे चमकणारा डीएनए-प्रोब, म्हणजे ठरावीक जागीच चिकटणारा डीएनएचा तुकडा, गुणसूत्रावर चिकटवून बघणं. इथे क्रमाने गेलात तर पैसे आणि दिवस दोन्ही वाचतात. सगळ्या मार्करपैकी सुमारे ३० टक्के एकट्या १५ व्या गुणसूत्राचे असतात, म्हणून सुरुवात १५ पासून. मग २२, मग १३, १४, २१. एक मेख ध्यानात ठेवा: १३ आणि २१ यांचा सेंट्रोमिअरचा डीएनए इतका सारखा आहे की एकच प्रोब दोघांवर चमकतो. १४ आणि २२ यांचंही तसंच. 'मार्कर १३ किंवा २१ चा' असा रिपोर्ट आला तर तो निष्काळजीपणा नव्हे. पुढे त्या-त्या गुणसूत्राच्या खास जागेचा प्रोब लावावा लागतो.

मुलीचा कॅरिओटाइप '४५,एक्स/४६,एक्स,+मार' असेल, म्हणजे काही पेशींत एकच एक्स आणि काहींत एक्सच्या जोडीला मार्कर, तर हा क्रम सोडा आणि एक्स-वायचे प्रोब सर्वांत आधी लावा. मार्कर वायचा असेल तर पोटातल्या अविकसित बीजग्रंथीत गोनाडोब्लास्टोमा ही गाठ होण्याचा धोका असतो आणि त्या ग्रंथी काढण्याचा विचार करावा लागतो. नुसता एसआरवाय (वायवरचं, पुरुषलिंग ठरवणारं जनुक) निगेटिव्ह आला म्हणून थांबू नका. गाठीशी जोडलेला भाग वायच्या सेंट्रोमिअरजवळ असतो आणि एसआरवाय टोकाला. टोक तुटलेलं असेल तर एसआरवाय दिसत नाही, धोका मात्र राहतो. मार्कर एक्सचा असेल तर एक्सआयएसटी जनुक आहे का ते बघायला सांगा. जादा एक्सला झोपवण्याचं काम त्या जनुकाचं. ते नसलेली एक्सची कडी जागीच राहते आणि टर्नर सिंड्रोमपेक्षा (मुलीत एकच एक्स असण्यापेक्षा) कितीतरी गंभीर लक्षणं देऊ शकते. इथे तुकडा जितका छोटा, तितका त्रास कमी, हा हिशेब उलटतो.

मायक्रोॲरेला काय दिसतं, काय दिसत नाही

मायक्रोॲरे डीएनएच्या प्रती मोजतो. मार्करमध्ये जनुकं असतील तर कुठली, कुठून कुठपर्यंत, तीन प्रती की चार, हे तो नेमकं सांगतो. हे फिशच्या एका-एका प्रोबने जमत नाही. पण सेंट्रोमिअरच्या आसपासचा, पुन्हापुन्हा तेच अक्षर गिरवणारा भाग त्याला दिसत नाही, आणि १० ते २० टक्क्यांहून कमी सरमिसळही निसटते. म्हणून कॅरिओटाइपमध्ये मार्कर आणि मायक्रोॲरे नॉर्मल, असं झालं तर गोंधळू नका. मार्कर बऱ्याच पेशींत असेल तर ही बहुधा आनंदाची बातमी आहे: तुकड्यात चालू जनुकं नाहीत. तो मोजक्याच पेशींत असेल तर मात्र नॉर्मल मायक्रोॲरेवर विसंबता येत नाही.

उलटंही होतं. नुसता मायक्रोॲरे केला आणि १५ च्या एका भागाच्या जादा प्रती सापडल्या, तर त्या वेगळ्या गुणसूत्रावर आहेत की मूळ १५ च्या आतच, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून दोन्ही तपासण्या हव्यात.

पाचवा प्रश्न: उरलेली जोडी कुणाची?

मार्कर निरुपद्रवी निघाला तरी एक तपास बाकी राहतो. समजा गर्भ सुरुवातीला तीन पंधरा नंबर घेऊन आला. त्यातलं वडिलांचं एकुलतं गुणसूत्र तुटून मार्कर झालं, आणि आईची दोन तशीच राहिली. मोजणीत १५ ची जोडी पूर्ण दिसते, पण दोन्ही गुणसूत्रं आईची. १५ वर काही जनुकं अशी आहेत की ती फक्त वडिलांकडून आलेलीच चालतात. ती गप्प, म्हणून बाळाला प्रेडर-विली सिंड्रोम (आधी ढिलं अंग, पुढे न भागणारी भूक). दोष मार्करचा नाही, त्याच्या जन्मकथेचा आहे. याला युनिपेरेंटल डायसोमी म्हणतात. ती ६, ७, ११, १४, १५ आणि २० या गुणसूत्रांच्या मार्करमध्ये तपासायची. १५ साठी मिथिलेशनची, म्हणजे जनुकं बंद ठेवणाऱ्या डीएनएवरच्या रासायनिक खुणांची, चाचणी पुरते, बाकीच्यांसाठी आईवडिलांचा डीएनए लागू शकतो, म्हणून त्यांच्याही जांभळ्या नळ्या राखून ठेवा. जनुक कुणाकडून आलं यावर त्याचं चालणं-न चालणं ठरतं, ही गोष्ट इतकी ढळढळीत दुसरीकडे क्वचितच दिसते.

ओळखीचे चेहरे

१५ चा मार्कर म्हणजे बहुतेकदा दोन तुकडे आरशासारखे तोंडाला तोंड लावून जोडलेले असतात. लहान असेल, प्रेडर-विलीचा टापू त्यात नसेल, तर सहसा काही होत नाही. मोठा असेल तर त्या टापूच्या दोनऐवजी चार प्रती होतात. बाळ अंग धरत नाही, मान सावरायला उशीर लागतो, पुढे बोलणं, शिकणं मागे पडतं, ऑटिझमची लक्षणं दिसतात आणि निम्म्याहून अधिक मुलांना झटके येतात. चेहऱ्यावरून फारसं काही कळत नाही, म्हणून हे निदान वर्षानुवर्षं राहून जातं. मोठा मार्कर निश्चित झाला की फिजिओथेरपी त्याच आठवड्यात सुरू करा, आणि बाळ एकदम पुढे वाकून हातपाय आखडतंय असं दिसलं तर मोबाइलवर चित्रण करून लगेच मेंदुविकारतज्ज्ञाला दाखवा, ईईजी करून घ्या. हे शिशुझटके थांबवायला झालेला उशीर बाळाला महागात पडतो. हा मोठा मार्कर जवळजवळ नेहमी आईच्या बीजपेशीत तयार होतो, आणि त्यात आईवडिलांची काहीही चूक नसते.

२२ च्या मार्करने कॅट-आय सिंड्रोम होऊ शकतो. बुबुळात फट, गुदद्वार बंद, कानापुढे खळी किंवा मांसल उंचवटा. तिन्ही एकत्र सगळ्यांत दिसत नाहीत. रिपोर्ट येताच हृदयाचा टू-डी एको आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी उरकून घ्या.

१२ च्या आखूड भुजेचा (कमरेच्या एका बाजूच्या लहान भागाचा) मार्कर, पॅलिस्टर-किलियन सिंड्रोम, फसवा आहे. रक्तातल्या लसिकापेशींतून तो लवकर नाहीसा होतो आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. ढिलं अंग, कपाळाच्या कडेला विरळ केस, त्वचेवर फिकट-गडद पट्टे असं बाळ समोर असेल तर त्वचेचा तुकडा किंवा गालाच्या आतून पुसून घेतलेल्या पेशी तपासायला पाठवा.

पुरुषांत मार्कर बऱ्याचदा वंध्यत्वाच्या तपासणीतच सापडतो. माणूस निरोगी, फक्त शुक्राणू कमी. टेस्ट-ट्यूब उपचारांआधी मार्करची ओळख पटवून घ्या.

एकही प्रोब चमकला नाही तर

सेंट्रोमिअरचे सगळे प्रोब लावले, मार्कर मात्र काळाच राहिला. प्रोब खराब निघाला, असं वाटतं. त्याच पेशीतली इतर गुणसूत्रं चमकत असतील तर प्रोब ठीक आहे, मार्करच वेगळा आहे.

१९९३ साली मेलबर्नमधल्या संशोधकांनी एका मुलात १० व्या गुणसूत्राचा असा मार्कर दाखवून दिला. प्रत्येक मानवी सेंट्रोमिअरवर १७१ अक्षरांचा एक क्रम हजारो वेळा गिरवलेला असतो. त्याच्याशिवाय पेशी गुणसूत्राला ओढू शकत नाही, असं तोवर धरून चाललेलं होतं. या मार्करवर तो क्रम नव्हताच, तरी प्रत्येक विभाजनात तो व्यवस्थित वाटला जात होता. गुणसूत्राच्या साध्या भुजेवर नवी कंबर बसली होती. म्हणजे सेंट्रोमिअरची जागा डीएनएच्या अक्षरांवर ठरत नाही. त्या जागी सेंप-ए नावाचं प्रथिन बसलं की ती कंबर होते, आणि पुढच्या पिढीतल्या पेशीही तीच जागा ओळखतात. एका मुलाच्या मार्करने हे शिकवलं.

तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा: असा मार्कर आला तर थेट मायक्रोॲरेकडे जा. यात जनुकं नसलेला भाग जवळजवळ नसतो, सगळा तुकडा जनुकांचा असतो, म्हणून लक्षणं असण्याची शक्यता बरीच जास्त.

गर्भजलात सापडला तर

नवजात बाळांत मार्कर साधारण २,३०० मध्ये एकाला असतो, गर्भजल तपासणीत १,३०० मध्ये एकाला. १९९१ मध्ये डोरोथी वॉरबर्टन यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या पावणेचार लाखांहून अधिक गर्भजल तपासण्यांचा हिशेब मांडला. नव्याने उद्भवलेल्या मार्करला व्यंगाचा धोका १३ टक्के निघाला. तो सगळ्या मार्करचा एकत्र आकडा होता. आज जवळजवळ प्रत्येक मार्कर ओळखता येतो, तेव्हा या सरासरीवर निर्णय घेऊ नका.

दिवस मोजून ठेवा. गर्भजल साधारण १५-१६ व्या आठवड्यापासून काढतात, कल्चरला दोनेक आठवडे जातात. म्हणून मार्कर दिसताच आईवडिलांचं रक्त, मायक्रोॲरे, फिश आणि सविस्तर सोनोग्राफी एकाच दिवशी सुरू करा, एकामागून एक नको. भारतात २० ते २४ आठवड्यांत गर्भपातासाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं, त्यानंतर गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाची परवानगी. १९९४ च्या कायद्यामुळे गर्भाचं लिंग कळवत नाहीत, त्यासाठी आग्रह धरू नका. वारेच्या तपासणीत सापडलेला मार्कर कधी फक्त वारेतच असतो, त्याची गर्भजलातून खात्री करा. आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए तपासणारी एनआयपीटी यासाठी पुरेशी नाही. ती बहुतेक मार्कर पकडत नाही, आणि आईचाच मार्कर बाळाचा समजला जाऊ शकतो.

पेशी फेकू देऊ नका

पक्क्या केलेल्या पेशींचा गोळा त्याच मिथेनॉल-ॲसेटिकच्या मिश्रणात, उणे २० अंशांना, वर्षानुवर्षं टिकतो. त्यावर नंतरही फिश करता येतं, बाळाला पुन्हा टोचावं लागत नाही. प्रयोगशाळा ठरावीक मुदतीनंतर तो टाकून देतात. म्हणून '+मार' वाचल्याच्या दिवशीच डॉक्टरांच्या सहीने चिठ्ठी पाठवा: मार्करची ओळख पटेपर्यंत गोळा आणि उरलेला डीएनए जपून ठेवावा. चिठ्ठीवर नमुन्याचा क्रमांक लिहा आणि पोच घ्या.